मामाची मुलगी आणि फाटलेलं पान

माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. लग्नाआधी मी त्यांना अत्ते म्हणत होते, लग्नानंतरही अत्तेच म्हणते. कन्नडमध्ये आत्याला आणि सासूला एकच शब्द, त्यामुळे मला नवं काही शिकावं लागलं नाही. माझं माहेर बैलहोंगलजवळचं, वडिलांचं घर कन्नड. आई निपाणीची, मराठी. सासर बेळगावातलं, पूर्ण मराठी, पण सासूबाई आमच्याच घरातल्या असल्यामुळे स्वयंपाकघरात कन्नड आणि सोप्यात मराठी अशी वाटणी आपोआप झाली. अशी घरं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत.

गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना अत्तेंनी विषय काढला. माझा मुलगा चोवीस वर्षांचा, बेंगळुरूला नोकरीला. माझ्या भावाची मुलगी बी.एड. करते. "नम्म हुडुगी आहे. बाहेरची कशाला शोधायची? तू आलीस तशी ती येईल." भाऊ हसला, वहिनी गप्प राहिली. माझे यजमान म्हणाले, "आईचं बरोबर आहे." मी मात्र पटकन हो म्हणू शकले नाही, आणि का म्हणू शकले नाही हे मला तेव्हा नीट सांगताही आलं नाही.

मी समाजशास्त्र शिकवते. दरवर्षी नातेसंबंधांच्या धड्यात इरावती कर्व्यांचं नाव येतं. त्यांचं भारतातल्या नातेसंस्थेवरचं इंग्रजी पुस्तक 1953 साली आलं. त्यात त्यांनी महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतींच्या मधला प्रदेश असल्याचं दाखवलं आहे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही. दक्षिणेत मामाची मुलगी चालते, आत्याची चालते, सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही चालतं. मराठी मुलखात बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी टाळतात, आणि मामा-भाचीचं लग्न ऐकलं की तोंडावर हात ठेवतात. आपण सीमेवरचे लोक तर या सरहद्दीवरच घर बांधून बसलो आहोत. भाषेतही ते दिसतं. कन्नडमध्ये माव म्हणजे मामाही आणि सासराही. मराठीत सासऱ्याला मामंजी म्हणतात, खेड्यात सासूला आत्याबाई. शब्दच सांगतात की सून कुठून येत होती.

कायद्याचंही गंमतशीर आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाची आणि बहीण-भावाची मुलं ही दोन्ही नाती निषिद्ध यादीत आहेत. मात्र दोन्हीकडच्या रूढीत चालत असेल तर सूट आहे. ती सूट आपल्याकडे इतकी वापरली जाते, की यादी आहे हेच कुणाला माहीत नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात साधारण चारांतल्या एका विवाहित स्त्रीचं लग्न रक्ताच्या नात्यात झालेलं दिसतं.

हे सगळं मी वर्गात न अडखळता सांगते. घरच्या प्रश्नावर मात्र अडखळले, याचं कारण चिक्कप्पा.

चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. माझे काका, यजमानांचे मामा. आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलता येत नाही. बैलहोंगलात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांनी शिवलेल्या झब्ब्याची कॉलर कधी वाकडी बसली नाही. आम्ही पोरं त्यांच्याशी हातांनी बोलत मोठे झालो. आजी म्हणायची, लहानपणी ताप डोक्यात गेला. तापाची गोष्ट घरात पुराणासारखी रुजली होती, कुणी ती तपासली नाही. आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचा या गोष्टीशी संबंध कुणी लावला नव्हता: आजीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं होतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना गाठलं. त्या धारवाडच्या, आमचं बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी म्हटलं, "दहावीनंतर मी तुमच्या विषयाकडे बघितलेलं नाही, पहिल्यापासून सांगा." त्यांनी खरंच पहिल्यापासून सांगितलं. पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत माझा वर्ग चालला.

त्यांनी सुरुवात विरजणापासून केली. दह्यातला जीवाणू ही एकच पेशी. तिच्यात केंद्रक नसतं, वंशाची सगळी माहिती बहुधा एका वेटोळ्यात असते. वाढायची वेळ आली की ती वेटोळ्याची नक्कल करते आणि मधून दुभंगते. एकाचे दोन, दोनाचे चार. त्याला आईबाप दोन नसतात. म्हणून चमचाभर हेप्पु माहेराहून आणलं तर रात्रीत पातेलंभर दही होतं, आणि चव बरीचशी माहेरची. "माणूस असा विरजण लावून होत नाही," त्या म्हणाल्या. "तिथेच तुमच्या प्रश्नाची सुरुवात आहे."

आपलं शरीर तीस लाख कोटींहून जास्त पेशींचं आहे. तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर प्रत्येकीत केंद्रक असतं, केंद्रकात 46 गुणसूत्रं. 23 आईकडून, 23 वडिलांकडून. या गुणसूत्रांवर मिळून सुमारे वीस हजार जनुकं. जनुक म्हणजे कृती लिहिलेलं वहीचं एक पान. कुठलं प्रथिन कसं बनवायचं, ते त्या पानावर असतं. प्रत्येक पेशीकडे अशा दोन वह्या: एक आईच्या घरची, एक वडिलांच्या घरची. एका वहीतलं पान फाटलं तरी बहुतेक वेळा दुसऱ्या वहीवरून स्वयंपाक निभावतो. ज्याच्याकडे असं एक फाटलेलं पान आहे त्याला वाहक म्हणतात. त्याला काहीही होत नाही, त्याला ते कळतही नाही. दोन्ही वह्यांत तेच पान फाटलेलं असलं तरच पदार्थ बनत नाही.

ब्रनोच्या मठात मेंडेलने 1856 पासून वाटाणे लावून हेच मोजलं होतं. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली, असंच कुणालाही वाटलं असतं. त्याच रोपांपासून पुढची पिढी घेतली तेव्हा 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले, जवळजवळ तीनास एक. सुरकुती कुठे गेली नव्हती, ती झाकली होती. मेंडेलचा निबंध 1866 साली छापला गेला आणि 1900 पर्यंत फारसा कुणी वाचला नाही. (आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या लेखांनाही मग आशा आहे.)

आता नात्यातल्या लग्नाचा मुद्दा. बाहेरची मुलगी आली तर तिच्या वहीतही फाटलेली पानं असतातच. प्रत्येक माणसाकडे काही असतात. पण तिची वेगळी, आपली वेगळी, म्हणून बहुधा झाकली जातात. नात्यात मात्र दोन्ही वह्या एकाच मूळ वहीवरून उतरवलेल्या. मामे-आते भावंडांच्या मुलाला दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाच्या पानाची नक्कल मिळण्याची शक्यता दर पानामागे सोळांत एक. वीस हजार पानांत सरासरी साडेबाराशे. मामा-भाचीच्या मुलाला आठांत एक, म्हणजे अडीच हजार. चिक्कप्पा हे अडीच हजारांचे.

मी मॅडमना सांगितलं, की चिक्कप्पांच्या दोन्ही मुलांना चांगलं ऐकू येतं, तेव्हा हे आनुवंशिक नसावं असं घरातले म्हणतात. त्या म्हणाल्या, "उलट, ते अगदी जुळतं. त्यांची बायको बाहेरची असणार." होती. सौंदत्तीकडची. चिक्कप्पांनी दोन्ही मुलांना फाटलेलंच पान दिलं असेल, कारण त्यांच्याकडे दुसरं नाही. पण आईकडून धड पान आलं. मुलं ऐकणारी, आणि दोघंही नक्की वाहक. मात्र त्यांनी हेही बजावलं, की आजीचा ताप खरा असू शकतो. मेंदूज्वरानं, गोवरानं किंवा गरोदरपणी आईला झालेल्या रुबेलानंही बहिरेपण येतं. तपासल्याशिवाय बोलू नये.

पण ते जनुकाचंच असलं तर? मॅडमनी हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलं. आजी-आजोबा दोघंही वाहक. त्यांच्या मुलाबाबत चार सारख्या शक्यता: एक बहिरा, दोन वाहक, एक पूर्ण धड. माझ्या वडिलांना ऐकू येत होतं, म्हणजे पहिली शक्यता गेली. उरलेल्या तिनांत दोन वाहक. माझ्याकडे ते पान येण्याची शक्यता त्याच्या निम्मी, तिनांत एक. अत्तेंचंही तसंच, म्हणून यजमानांची शक्यताही तिनांत एक. दोघंही वाहक असण्याची नवांत एक. आणि दोघं वाहक असलो तर मूल बहिरं होण्याची चारांत एक. छत्तिसांत एक.

त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत राहिले. माझा मुलगा जन्मला तेव्हा आम्ही छत्तीस चिठ्ठ्यांतली एक उचलली होती, आणि आम्हाला चिठ्ठ्या आहेत हेच माहीत नव्हतं. चिक्कप्पांनीच त्याच्या बारशाचं कुंचडं शिवलं होतं.

"आणि आता माझा मुलगा आणि भावाची मुलगी?" मॅडमनी दोन दिवस मागून घेतले. वहिनी बाहेरची, मुलाला ऐकू येतं, हे सगळं धरून आकडा निघाला सत्तरांत एक. माझ्या वेळेपेक्षा कमी, कारण मध्ये वहिनीची नवी वही आली आहे. बाहेरची सून आणली तर हा धोका याहून कितीतरी पटींनी कमी. शून्य नव्हे, कारण हे पान इतर घरांतही फाटलेलं असतं.

हे मी घरी सांगितलं. अत्तेंनी लगेच हिशेब केला. "म्हणजे एकोणसत्तर पोरं चांगली! एनू आगंगिल्ल. आणि झालंच तर? चिक्कप्पा उपाशी मेला का?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नीट नाही. चिक्कप्पांचं आयुष्य वाया गेलं असं म्हणायची माझी ताकद नाही, आणि ते खरंही नाही. पण ते शाळेत दोनच वर्षं गेले, कारण त्यांना शिकवायचं कसं हे कुणाला कळलं नाही. आपल्या मुलांची हाक त्यांनी कधी ऐकली नाही. आजी त्यांच्याकडे बघून रोज संध्याकाळी दिवा लावायची, तेव्हा काय मागायची ते मला ठाऊक आहे.

पहिल्या मुद्द्याला मात्र उत्तर होतं. सत्तरांत एक हा फक्त एका पानाचा हिशेब, आणि तेही आम्हाला माहीत असलेल्या. वीस हजारांतली बाकीची फाटलेली पानं कुठली, हे घरात कुणी आजारी पडल्याशिवाय दिसत नाही. थॅलेसेमियाही असाच, दोन्ही वह्यांतलं पान फाटल्यावर येणारा. त्यातल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आमच्या घरात मी आणि यजमान आधीच आते-मामे भावंडं, म्हणून माझ्या मुलाचं आणि भाचीचं नातं साध्या मामे-आते भावंडांपेक्षा जवळचं. साडेबाराशेच्या जागी सुमारे पंधराशे साठ पानं. एकाच विहिरीतून पिढ्यान्‌पिढ्या पाणी काढण्यासारखं आहे हे. एकदा काढलं म्हणून विहीर आटत नाही. दर पिढीला काढत राहिलो तर गाळ वर येतो.

माझं लग्न चुकलं असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षं सुखानं संसार केला, आणि सासू आत्या असल्याचे फायदे मी पुरेपूर घेतले. सर्वसाधारणपणे शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात गंभीर दोष असतो. मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तिनांची भर पडते. म्हणजे अशा लग्नातलीही बहुतेक मुलं धडधाकटच असतात. चार्ल्स डार्विनची बायको एमा त्याची मामेबहीण होती. दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणी गेली, आणि त्याला हीच चिंता लागली. 1871 च्या इंग्लंडच्या जनगणनेत मामे-चुलत भावंडांच्या लग्नाचा प्रश्न घालावा म्हणून त्यानं खटपट केली, ती मानली गेली नाही. मग त्याच्या मुलानं, जॉर्जनं, 1875 साली यावर अभ्यास केला आणि धोका आहे पण समजतात तितका मोठा नाही असा निष्कर्ष काढला. मला खटकतं ते एवढंच, की आपण पत्रिका बघतो, गोत्र बघतो, हुंड्याचं आडून विचारतो, पण आपल्याच घरातलं कुठलं मूल लहानपणी का गेलं, कोण बोलत नव्हतं, हे कागदावर मांडत नाही. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढून तो वैद्यकीय महाविद्यालयातल्या आनुवंशिकतेच्या सल्लागाराला दाखवायला एक सकाळ पुरते.

आम्ही काढला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "हे काका आहेत का? त्यांचं रक्त मिळेल का?" सगळ्यांना तपासण्याआधी ज्याच्यात दोष दिसतो त्याला तपासायचं, म्हणजे कुठलं पान शोधायचं ते कळतं.

चिक्कप्पांना हे हातांनी कसं समजावायचं, यात माझी परीक्षा होती. मी वहीचं पान फाडून दाखवलं, मग कानाकडे बोट केलं, मग मुलाचा आणि भाचीचा फोटो. त्यांनी फाटलेलं पान माझ्या हातातून घेतलं, दोन्ही तुकडे जुळवून बघितले, आणि बाही वर केली.

अहवाल काही आठवड्यांनी आला. ताप नव्हता. तेराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्यापासून होणारं प्रथिन पेशी-पेशींमधली बारीक खिडकी बनवतं. आतल्या कानात या खिडक्यांतून पोटॅशियम इकडून तिकडे जातं, तेव्हा आवाज मेंदूपर्यंत पोचतो. या जनुकाचा बहिरेपणाशी संबंध 1997 साली कळला. प्रथिनाची साखळी 226 मण्यांची. चिक्कप्पांच्या दोन्ही प्रतींत एक अक्षर बदललेलं, त्यामुळे चोविसाव्या मण्यापाशीच 'थांबा' असं लिहिलं गेलं. हा बदल भारतात जन्मजात बहिरेपणात वारंवार सापडतो, असं डॉक्टर म्हणाले. मी मराठी-कन्नड दोन्ही पेपरांची मुद्रितं तपासलेली बाई; एका अक्षराची चूक काय करते ते मला सांगायला नको, पण इतकं करते हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहायलाच हवी. बाळ कुठल्याही लग्नातलं असो, जन्मल्यावर महिन्याच्या आत त्याच्या कानाची तपासणी करून घ्यावी. दोष असला तर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाय सुरू व्हावा. श्रवणयंत्र, शिक्षण, गरज पडली तर कानातलं रोपण. यासाठी मैसूरुला वाक्‌श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. चिक्कप्पांच्या वेळी आमच्या घरात यातलं काहीच पोचलं नव्हतं.

मधल्या काळात मॅडमनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती मी अत्तेंपासून लपवून ठेवली आहे. पेशीत केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत राहायला आलेल्या जीवाणूंचे त्या वंशज. लिन मार्गुलिस या बाईंनी 1967 साली हे ठासून मांडलं तेव्हा लोक हसले होते. त्यांचं स्वतःचं वेटोळं अजून आहे, 37 जनुकांचं, दह्यातल्या जीवाणूसारखंच, आणि ते फक्त आईकडून येतं. विरजण, अगदी शब्दशः. म्हणजे ज्या नातवाला अत्ते 'आमच्या बैलहोंगलचं रक्त' म्हणून मिरवतात, त्याच्या सगळ्या तंतुकणिका माझ्या निपाणीच्या आजीच्या आहेत.

आता उरले मुलगा आणि भाची. फक्त ते एक अक्षर बघायचं. दोघांपैकी एकाकडे जरी ते नसलं तरी चिक्कप्पांकडून आलेल्या त्या पानाची चिंता संपली. बाकीच्या पानांची नाही. या सगळ्या गडबडीत भाचीला कुणी विचारलंच नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी फोन केला. ती म्हणाली, "अत्ते, रक्त देते. पण त्याच्याशी लग्न करायचं का, ते मी रिपोर्टवरून नाही ठरवणार. आधी बी.एड. होऊ दे." माझा मुलगा म्हणाला की तो पुढच्या महिन्यात येईल तेव्हा बघू. म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

भाचीनं मागच्या शनिवारी रक्त दिलं. अत्ते हट्टानं बरोबर आल्या होत्या. नळी भरून झाल्यावर मुलगी उठली, तर तिच्या खुर्चीवर अत्ते जाऊन बसल्या आणि त्र्याहत्तर वर्षांचा हात पुढे केला. तंत्रज्ञ माझ्याकडे बघायला लागला.

"माझंही बघा," त्या म्हणाल्या. "मी दिलंय की नाही ते मला कळायला पाहिजे."